पडद्यामागचे वादक
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या संगीतसभेंत धर्मग्रामगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



आजच्या सभेंत मीं कांहीं बोलावें असा महोत्सव समितीचा आग्रह पडला, तेव्हां विषय कोणता घ्यावा या विवंचनेंत मी दोन दिवस होतों. संगीतशास्त्राचा मी पंडित नव्हे. सेमिनरींत असतां ग्रेगोरियन गायन शिकलों, ऑर्गनवर बोटें फिरवावयास शिकलों. त्यापलीकडे माझी गति नाहीं. परंतु आपल्या लग्नांत आणि वरातींत आपला बँड जीं गाणीं इतकीं वर्षें वाजवीत आला, तीं मुंबईचीं चित्रपटगीतें ज्यांच्या हातून घडलीं, त्या पडद्यामागच्या माणसांविषयीं चार शब्द बोलावे असें मला फार दिवसांपासून वाटत होतें. गाणाऱ्याचें नांव आपणांस ठाऊक असतें, चाल बांधणाऱ्याचेंही बहुधा असतें. मागें बसून व्हायोलिन, ट्रंपेट, चेलो वाजविणारे आणि कोणी केव्हां काय वाजवावें हें कागदावर लिहून देणारे कोण होते, हें आपण विचारीत नाहीं. त्यांतील पुष्कळ जण गोमंतकांतील कॅथलिक होते, आणि त्यांची विद्या देवळाच्या ओसरीवर जन्मास आली होती.

तेव्हां प्रथम त्या ओसरीवर जाऊं. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या इगर्जींना लागून धर्मग्रामाच्या शाळा असत. तेथें शिकविणाऱ्यास मेस्त्री म्हणत. आपल्याकडे मेस्त्री म्हटला म्हणजे गवंडी किंवा सुतार डोळ्यांपुढें उभा राहतो. गोव्याचा मेस्त्री मुलांना धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि संगीत शिकवी. पद्धत मोठी कडक. वाद्यास हात लावण्यापूर्वीं मुलानें पांच रेघांवर लिहिलेले स्वर पाहतांक्षणीं गाऊन दाखवावे लागत, आणि गातांना हातानें ताल धरावा लागे. यास ते ‘सोल्फेज’ म्हणत. तें साधलें म्हणजे मग व्हायोलिन. चुकलेल्या स्वरास वेताचा प्रसाद मिळे, हें सांगावयास नकोच. असा तयार झालेला मुलगा रविवारीं मिस्साच्या वेळीं चार आवाजांच्या गायनांत आपली ओळ धरी, आणि शेजाऱ्याची ओळ निराळी चालली असतां आपली सोडीत नसे. ही शेवटची गोष्ट आपण ध्यानांत ठेवा. पुढें तिचें महत्त्व कळून येईल. मेस्त्र्याचें वेतन तुटपुंजें असे. लदीन, लग्न, अंत्यविधि यांतून जें कांहीं मिळे त्यावर त्याचा संसार चाले.

गोव्याची जमीन सर्वांना पोसूं शकत नव्हती. म्हणून स्वयंपाकी, खलाशी आणि वादक असे तीन प्रकारचे लोक तेथून देशोदेशीं निघाले. मुंबईंत धोबी तलाव, माझगांव या भागांत गांवोगांवचे ‘कूड’ असत. एका मोठ्या खोलींत पेट्यांच्या रांगा, भिंतीशीं गांवच्या संताची वेदी आणि सायंकाळीं सर्वांनीं मिळून म्हणावयाचा रोझरी. या कुडांतून कोणी संस्थानिकांच्या बँडांत गेले, कोणी हॉटेलांत, कोणी मूक चित्रपटांच्या थिएटरांत पडद्यासमोर बसून वाजवूं लागले. पुढें १९३१ सालीं ‘आलम आरा’ आला, पडदा स्वतःच बोलूं-गाऊं लागला आणि थिएटरांतल्या वादकांचें काम सुटलें. पण ज्या बोलपटानें एक दार लावलें त्यानेंच दुसरें उघडलें. चित्रपटांना गाणीं हवीं होतीं, गाण्यांना वाद्यवृंद हवा होता, आणि कागदावरील स्वर वाचून तात्काळ वाजविणारे लोक मुंबईंत मुख्यत्वें याच समाजांत होते.

काम कसें चाले तें ऐका, कारण त्यांतच सारें मर्म आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवी. आपलें हिंदुस्थानी संगीत एकाच स्वररेषेचें. चालींत सर्व कांहीं येतें, पण तीस जणांनीं एकाच वेळीं काय वाजवावें हें तींत येत नाहीं. म्हणून दिग्दर्शकाशेजारीं एक माणूस बसे. तो ती चाल पांच रेघांवर उतरवून घेई, आणि मग रात्रीं घरीं बसून व्हायोलिनांनीं येथें काय करावें, चेलोनें खालून कसा आधार द्यावा, गायिका श्वास घेते त्या जागीं बांसरीनें काय भरावें, हें सर्व लिहून काढी. यास अरेंजर म्हणतात. मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा नकलून काढावा लागे. नकलनवीस पहाटेपर्यंत शाई-दौत घेऊन बसत. दुसऱ्या दिवशीं ताडदेवच्या फेमस किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओंत सारे जमत. त्या काळीं गायन आणि वादन एकाच वेळीं मुद्रित होई. शेवटच्या ओळींत एखाद्याचें बोट घसरलें तर सर्वांनीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा. पन्नास माणसांचा घाम एका माणसाच्या बोटावर अवलंबून! देवळांतील चार आवाजांच्या गायनाची शिस्त येथें कामास आली.

आतां कांहीं नांवें घेतों. शिक चॉकलेट या गंमतीच्या नांवानें प्रसिद्ध असलेले अंतोनियो शाव्हियेर वाझ हे हळदोण्याचे, जन्म १९१६ चा. ट्रंपेट हें त्यांचें वाद्य. आपल्या नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांच्याशीं त्यांची जोडी जमली, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत तिचें फळ सर्व देशानें ऐकलें. पुणतांब्याचा मराठी चालकार आणि हळदोण्याचा गोंयकार ट्रंपेटवाला. एकाच्या कानांत लावणी आणि दुसऱ्याच्या कानांत अमेरिकेंतील जॅझ. हा संगम कोणत्या संगीतविद्यालयानें घडविला असता हें मला तरी सांगतां येणार नाहीं. वाझ १९६७ सालीं निवर्तले.

सेबास्तियन डिसोझा यांचा बँड लाहोरास होता. १९४७ च्या फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि वीस वर्षांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची मांडणी करीत राहिले. गायक एक ओळ गात असतां मागें व्हायोलिनांची दुसरीच, स्वतंत्र ओळ वाहत ठेवावयाची आणि तरी दोहोंचा विरोध होऊं द्यावयाचा नाहीं, हें त्यांचें वैशिष्ट्य. त्या काळचें कोणतेंही गाणें पुन्हां लावा आणि एकदां गायकाकडे दुर्लक्ष करून केवळ मागची ओळ ऐका. मीं सांगितलेली शेजाऱ्याची ओळ ती हीच.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचें चरित्र तर कादंबरीसारखें आहे. जन्म १९२७, वडील गांवच्या इगर्जींत गायनाचे शिक्षक. १९४३ सालीं, सोळा वर्षांच्या वयांत, ते मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदांत शिरले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्यांत प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे दोघे होते, एवढ्यावरून त्यांची योग्यता कळावी. १९५८ सालीं त्यांनीं सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकांत हिंदी रागांवर आधारलेल्या आपल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. मग १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले. बारा वर्षांनीं ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटांत शिष्यानें गुरूचें नांवच गाण्यांत घातलें. सारा देश तें नांव गाऊं लागला, आणि गाणाऱ्यांपैकीं शेंकडा नव्याण्णवांस अशा नांवाचा माणूस खरोखर आहे हें ठाऊक नव्हतें! ते २०१२ सालीं गोव्यांत वारले.

तबकडीवर तर वादकाचें नांव कधींच नसे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटाच्या तबकडीवर गायिकेच्या जागीं लता मंगेशकर हें नांव नसून चित्रांतील पात्राचें नांव छापलें होतें. मग व्हायोलिनवाल्याची काय कथा? अरेंजर फार तर ‘सहायक’ होई. या लोकांना मान मिळाला नाहीं म्हणून सारा दोष चित्रपटवाल्यांवर टाकावा, असें मात्र मला वाटत नाहीं. आपल्या समाजानेंही त्यांना सुरेल नोकरांपलीकडे किंमत दिली नाहीं. मुलीचें स्थळ पाहतांना ‘मुलगा बँडांत आहे’ म्हटलें कीं आईबाप नाक मुरडीत.

आणि यांतील कांहींनीं दुसऱ्यांच्या संगीतावर मिळविलेला पैसा आपल्या भाषेच्या संगीतासाठीं वेंचला, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. कुडच्यडेचे फ्रँक फर्नांड दिवसां हिंदी चित्रपटांसाठीं राबत. त्यांनीं १९६३ सालीं ‘आमचें नशीब’ आणि १९६६ सालीं ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. कोंकणी चित्रपट पाहणारे किती, आणि त्यांतून सुटणार काय, याचा हिशेब त्यांस येत नव्हता असें थोडेंच आहे! क्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदानें आणि लोर्ना यांच्या कंठानें कोंकणी गाण्याला जी नवी कांति आली ती आजही उतरलेली नाहीं. कोंकणी तियात्राचा जन्मही १८९२ सालीं मुंबईंतच झाला, आणि तियात्रासमोर बसणारा बँड या स्टुडिओंतल्या आणि हॉटेलांतल्या वादकांनींच पोसला. गोव्यांत अंतोनियो द फिगेरेदो यांनीं १९५२ सालीं पणजीस संगीत अकादमी स्थापिली. पुढें तीच कला अकादमीचा पाश्चात्य संगीत विभाग झाली. मेस्त्र्याची ओसरी ओस पडूं लागली त्या काळीं ही एक ज्योत राहिली.

१९८० नंतरच्या वीस वर्षांत मुंबईचे हे मोठे वाद्यवृंद मोडले. एका यंत्रावर बसून एक मनुष्य पन्नास व्हायोलिनांसारखा आवाज काढूं लागला. स्टुडिओंत खुर्च्या रिकाम्या राहिल्या. यंत्रास मी दूषण देत नाहीं. आपल्या देवळांतही तें आहे आणि महोत्सवाच्या नोव्हेनांत त्यानें आपली सोय केली. पण त्या खुर्च्यांवरून उठलेलीं माणसें कोठें गेलीं?

त्यांतील एक माझ्याकडे आला होता. हें मी आज प्रथमच बोलून दाखवीत आहें. गुरुदीक्षा होऊन मला दोन-तीन वर्षें झालीं होतीं; एका दुसऱ्या धर्मग्रामांत मी सहायक गुरु होतों. सत्तरीच्या घरांतले एक गृहस्थ, इस्त्रीचा पण विरलेला सदरा घातलेले, रविवारच्या मिस्सानंतर भेटले. म्हणाले, “फादर, मुलांना व्हायोलिन शिकवीन म्हणतों. पैसे नकोत. फक्त एक खोली द्या.” मी त्या वेळीं युवकांच्या गिटारमंडळाच्या भरांत होतों. मीं म्हटलें, “काका, आतां मुलांना व्हायोलिनची आवड नाहीं. पाहूं पुढें.” ते हंसले आणि गेले. पुन्हां त्यांनीं विचारलें नाहीं, आणि मींही नाहीं. चार वर्षांनीं त्यांचा अंत्यविधि माझ्याच हातून झाला. स्मशानांत सहा-सात वृद्ध अनोळखी माणसें आलीं होतीं. त्यांच्याकडून कळलें कीं काकांनीं तीस वर्षें स्टुडिओंत वाजविलें होतें, आणि आपण सर्वांनीं पाठ केलेल्या अनेक गाण्यांत त्यांचें व्हायोलिन आहे. कोणत्या, हें त्या माणसांतही वाद घालून ठरेना. महिन्यानें घरीं गेलों. त्यांच्या ट्रंकेंत स्वहस्तें लिहिलेल्या स्वरलिप्यांचे गठ्ठे होते, असें सूनबाईंनीं सांगितलें. “कागद पिवळे पडले होते, फादर. रद्दीवाल्यास दिले.” तिच्यावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता.

महोत्सवासाठीं जमलेल्या वर्गणींतून कमान उभारावी, अशी बहुतेकांची इच्छा होती. मीं हट्टानें त्यांतले कांहीं पैसे बाजूस ठेवविले, याबद्दल समितींतील ज्यांचा माझ्यावर रोष आहे त्यांची मी क्षमा मागतों. पण कमान पुढच्या वर्षींही होईल. त्या पैशांतून सहा व्हायोलिनें आलीं आणि शिकविणारे एक वृद्ध वादक दर रविवारीं दुपारीं तीन वाजतां येतात. त्यांना वेतन दिलें जातें आणि तें वेळेवर दिलें जातें. त्यांचें नांव या पुस्तिकेंत छापावें असें मीं सुचविलें, तर म्हणाले, “नको, फादर, आम्हांस संवय नाहीं.” म्हणून मी येथें तें घेत नाहीं; परंतु ते त्या खांबाशेजारीं बसले आहेत. पहिल्या रांगेंतल्या अकरा मुलांना अद्याप एकच स्तोत्र येतें, आणि तेंही मधल्या ओळींत थोडें घसरतें. त्यांनीं वाद्यें जुळविलीं आहेत. आतां मी खालीं बसतों.