कुलवृत्तान्त कोठे ठेवावा?

(नीरा-नरसिंहपूर येथील भाषणाचा मजकूर)



नीरा-भीमेच्या संगमावरील श्री लक्ष्मी-नृसिंह हे महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत. परप्रांतात, परदेशात पांगलेली कुटुंबे कुलाचारासाठी येथे येतात आणि दुरावलेल्या भाऊबंदांची पुन्हा ओळख होते. याच ओढीतून गेल्या शतकात मराठीत घराण्याघराण्यांचे कुलवृत्तान्त सिद्ध झाले. पत्रव्यवहार करून, जुने कागद चाळून वंशावळी जुळवल्या गेल्या. ते ग्रंथ आजही फडताळात आहेत. छापखाना बंद पडला म्हणून त्यांतील अक्षरे पुसली गेली नाहीत.

पुढे महाजाल आले आणि हे कार्य तेथे सरकले. २००४ मध्ये सुरू झालेल्या ऑर्कुटवर भारतीयांची मोठी गर्दी झाली. गावाच्या, शाळेच्या, आडनावाच्या नावाने समूह उभे राहिले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुट बंद केले. छायाचित्रे आणि मजकूर उतरवून घेण्यास मुदत मिळाली. परंतु जुळलेली नाती कोणत्या गाठोड्यात बांधून न्यावयाची? याहूची जिओसिटीज बहुतेक देशांत २००९ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये आणि याहू ग्रुप्स २०२० मध्ये याच वाटेने गेले.

जी व्यासपीठे बंद पडली नाहीत, त्यांची अवस्थाही स्पृहणीय नाही. प्रथम वापरणाऱ्यांचे लाड होतात. ते पुरते गुंतले की जाहिरातदारांचे. आणि शेवटी दोघांच्याही हिताला कात्री लावून कंपनी स्वतःची तुंबडी भरते. मावसभावाच्या मुलीचा विवाह कळत नाही, अनोळखी विक्रेत्याची जाहिरात मात्र तीनदा दिसते. कोरी डॉक्टरो या लेखकाने २०२२ मध्ये या घसरणीला इंग्रजीत एक नाव दिले. ते घरातील वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्याजोगे नाही, पण जगभर रूढ झाले. माणसे तरीही तेथून उठत नाहीत, कारण सारे नातेवाईक तेथेच अडकलेले असतात.

यावर ‘स्वदेशी व्यासपीठ काढा’ हे उत्तर चटकन सुचते. ते अर्धेच उत्तर आहे. २०२० मध्ये सुरू झालेले ‘कू’ हे भारतीय व्यासपीठ होते; मराठीतही लिहिता येत असे. जुलै २०२४ मध्ये तेही बंद झाले. मालक परका असो वा आपला, दाराची किल्ली एकाच हाती असेल तर धोका तोच. स्वदेशीला खुलेपणाची जोड हवी.

खुलेपण म्हणजे काय, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ई-पत्र एका कंपनीच्या खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जाते. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे एका बँकेचा ग्राहक दुसऱ्या बँकेच्या दुकानदाराला, हवे ते अ‍ॅप वापरून, पैसे देतो. नियम सर्वांना समान. सेवक हवा तो निवडावा. २०१६ मध्येच सुरू झालेल्या मॅस्टोडॉनने हेच तत्त्व संवादाला लावले : अनेक स्वतंत्र केंद्रे, पण एकमेकांशी बोलणारी. १ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियाचा मजकूर कोणीही उतरवून घेऊन दुसरीकडे मांडू शकतो. अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९९६ मध्ये उभारलेले ‘मायबोली’ ऑर्कुटच्या आधी आले आणि ऑर्कुटनंतरही टिकले, कारण ते आपल्याच माणसांनी चालविले.

तथापि खुले म्हणजे फुकट नव्हे. मंदिराच्या दिवाबत्तीला वर्गणी लागते, तशी संकेतस्थळालाही लागते. कोणीतरी रात्री जागून बिघाड दुरुस्त करावा लागतो. खुल्या ठिकाणी आज गर्दीही तुरळक आहे. हे कष्ट टाळले म्हणूनच समाज दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसला.

ती ओसरी लगेच सोडावी, असे नाही. निरोपासाठी ती खुशाल वापरावी. ठेवा मात्र तेथे ठेवू नये. वंशावळ युनिकोड अक्षरांत लिहावी, घराण्याने वर्गणी काढून स्वतःचे संकेतस्थळ घ्यावे, तिची प्रत तीन घरी असावी आणि एक छापील प्रत फडताळात. संगमाचा घाट कोणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून पिढ्या बदलल्या तरी माणसे येथे भेटतात. नातवंडांनी पणजोबांचे नाव शोधले, तर ते कोणा कंपनीच्या मर्जीवाचून सापडले पाहिजे. एवढी व्यवस्था या पिढीला करता येण्यासारखी आहे.