गोडीची पारख

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील निंबर्गा आणि त्याच्या भोवतालचा मुलूख तुरीचा व उसाचा. गुऱ्हाळाच्या कढईतून रसाचा वास दरवळू लागला, की माशी, मुंगी आणि मधमाशी या तिघीही आमंत्रणावाचून हजर होतात. त्यांची ही ओढ पोटासाठी असते. जेथे गोडी तेथे अन्न, हा निसर्गाचा ठोकताळा युगानुयुगे खरा ठरत आला. मनुष्याने मात्र अन्नावाचूनची गोडी निर्माण केली आणि या ठोकताळ्याची कसोटी लागली.

१८७९ साली अमेरिकेत सॅकरिनचा शोध लागला. ते साखरेच्या शेकडो पट गोड. परंतु कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना ते मुळीच गोड लागत नाही असे आढळले. गोडी केवळ पदार्थात नसते, ती चाखणाऱ्याच्या रसनेतही असते. घरमाशीची रसना तर तिच्या पायांतही आहे. साखरपाण्याला पाय लागताच तिची सोंड पुढे येते.

सर्वच कीटक मात्र असे चोखंदळ नाहीत. २०१४ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याचा उगम एका शाळकरी मुलाच्या कुतूहलात होता. एरिथ्रिटॉल हा साखरेचा पर्याय असलेल्या खाद्यावर ड्रोसोफिला या चिमुकल्या माश्या सरासरी सहा दिवसच जगल्या. इतर खाद्यांवर त्या अडतीस ते पन्नास दिवस जगत होत्या. शेजारी खरी साखर असतानाही त्यांनी एरिथ्रिटॉल सेवन केले. २०१६ साली सिडनीच्या संशोधकांना दुसरा प्रकार दिसला. पाच दिवसांहून अधिक काळ सुक्रालोज मिसळलेले खाद्य दिलेल्या माश्यांनी नंतर नेहमीच्या गोड अन्नातून सुमारे तीस टक्के अधिक उष्मांक घेतले. जिभेची ग्वाही पोटाला पटली नाही आणि भूक वाढली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यात आशा आहे. काकडी-दोडक्यावरील फळमाशीसाठी गुळाच्या पाण्यात विषारी औषध मिसळून आमिष करतात. त्या विषाऐवजी एखादी गोडीच कामास आली, तर हवेच आहे. परंतु गोडाकडे शत्रूबरोबर मित्रही येतो. फुलोऱ्यावर राबणाऱ्या मधमाशीला अपाय होत नाही, याची खात्री पटेपर्यंत असा उपाय शेतात आणू नये. तसेच माशी मेली म्हणून ते द्रव्य मनुष्यालाही मारक, असा तर्क चुकीचा. दोघांची शरीरे निराळी आहेत. माशीच्या उदाहरणावरून एवढेच ध्यानी घ्यावे, की जीभ फसली तरी पोट आपला हिशेब सोडत नाही.