घरचा साबण



साबण घरी करता येतो. पण तो करण्याआधी सावधगिरी शिकावी लागते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पहिल्या खेपेस आम्ही कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात कालवला. पातेले फसफसून काळे पडले आणि मुलांना घेऊन आम्हांला अंगणात पळावे लागले. सोडा तो धातू खातो व त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, हे मागाहून कळले.

आता आमची रीत अशी : खोबरेल १ किलो, सोडा १७४ ग्रॅम, पाणी ४०० ग्रॅम, सारे तोलून. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात पाण्यात सोडा थोडाथोडा सोडावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. निवल्यावर ते तेलात घालून दाट होईतो ढवळावे, साच्यात ओतावे आणि वड्या चार आठवडे वाळवाव्यात.

हेच माप शेंगदाण्याच्या तेलास लावाल, तर सोडा शिल्लक राहून हात पोळतील. त्यास सुमारे १३० ग्रॅमच पुरे. तेल बदलले की माप बदलते.

काटकसर जरूर करावी; पण हातमोजे, चष्मा आणि मुलांना दूर ठेवणे, या तिहींत ती नको.