अडथळ्यांची शर्यत आणि आमची बीगल जोडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्या मंडळात दरवर्षी कोणी भरतकामावर बोलते, कोणी उन्हाळी वाळवणावर, कोणी बचतगटाच्या हिशेबावर. यंदा मला आज्ञा झाली ती ‘तुमच्या कुत्र्यांविषयी सांगा’ अशी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेली दोन वर्षे पहाटेच्या वेळी आमच्या मागच्या खळ्यात मी पदर खोचून कुत्र्यांबरोबर का पळते, याविषयी जाफराबादेत बरेच तर्क चालतात असे कानावर येते. तेव्हा इतरांनी तर्क करीत बसण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे.

हा एक खेळ आहे. त्याला ‘अ‍ॅजिलिटी’ म्हणतात, म्हणजे चपळाई. आपण त्याला कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत म्हणू. मैदानात पंधरा ते वीस अडथळे मांडलेले असतात आणि त्यांना क्रमांक दिलेले असतात. कुठे आडव्या दांडीवरून उडी मारायची, कुठे कापडी बोगद्यातून सरपटत पलीकडे निघायचे, कुठे घराच्या पाख्यासारखी चढण चढून उतरायची, कुठे अरुंद उंच फळीवरून चालत जायचे. मुलांच्या बागेत असतो तसा वरखाली होणारा सी-सॉ असतो. त्याचे पलीकडचे टोक जमिनीला टेकेपर्यंत कुत्र्याने उतरायचे नाही. शेवटी बारा उभ्या काठ्यांमधून नागमोडी जायचे. दोन काठ्यांत अंतर फक्त ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट. दांडी पडली की पाच दोष, अडथळ्यापाशी येऊन कुत्रे वळले तर पाच दोष. तीनदा वळले किंवा क्रम चुकला की बाद. ज्याचे दोष कमी आणि वेळ कमी, तो जिंकला.

आता यातली खरी मेख सांगते. कुत्र्याच्या गळ्यात दोरी चालत नाही. त्याला हात लावायचा नाही. हातात खाऊ ठेवायचा नाही. आपण बाजूने पळायचे, आणि आपला शब्द, हाताची खूण व अंगाचा रोख एवढ्यावर त्याने सारे करायचे. शिवाय अडथळ्यांची मांडणी प्रत्येक वेळी निराळी. माणसाला कुत्र्याशिवाय एकदा मैदानात फिरून क्रम पाठ करू देतात. कुत्र्याने मात्र ती वाट आधी पाहिलेलीच नसते. म्हणजे वाट आपल्या डोक्यात आणि पाय त्याचे! दोघांचे सूत जुळले तरच पार पडते.

हा खेळ फार जुना नाही. १९७८ साली लंडनला क्रफ्ट्स नावाचे मोठे श्वानप्रदर्शन भरले होते. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोकांची करमणूक व्हावी म्हणून जॉन व्हार्ली या गृहस्थांनी पीटर मीनवेल या कुत्री शिकवणाऱ्या गृहस्थांच्या मदतीने घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीसारखा हा खेळ बसवला. लोकांना तो इतका आवडला की १९८० साली तिथल्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली, आणि १९९६ पासून जागतिक स्पर्धाही होऊ लागल्या. पंगतीत मधल्या वेळेला वाढलेली कोशिंबीरच सर्वांनी पुन्हा मागावी, तसे झाले.

आमच्या घरी ही जोडी आली २०२३ सालच्या दिवाळीनंतर. माझ्या पुतण्याने पुण्यात दोन बीगल पाळले होते. त्याला नोकरीसाठी परदेशी जावे लागले, आणि कुत्री आमच्या वाड्यात आली. त्यांची इंग्रजी नावे सासूबाईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांचे मोती आणि मैना झाले.

बीगल हा मूळचा इंग्लंडचा शिकारी कुत्रा. उंची ३३ ते ४० सेंटिमीटर, लांब लोंबते कान, अंगावर पांढरा, काळा आणि तपकिरी रंग. सशाचा माग काढण्यासाठी माणसांनी पिढ्यानुपिढ्या ही जात जोपासली. त्याचे सारे ध्यान नाकात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विमानतळावर १९८४ साली बीगलांचे पथक सुरू झाले. प्रवाशांच्या सामानात लपवून आणलेली फळे आणि मांस ते वासावरून शोधून काढते. कुत्र्याच्या नाकाची किंमत आपल्या मराठवाड्यालाही ठाऊक आहे. बीडच्या पोलीस दलातल्या रॉकी कुत्र्याने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती. २०२० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला, आणि त्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याची आठवण काढली.

परंतु विमानतळावर जे नाक गुणाचे, ते स्वयंपाकघरात अवगुणाचे ठरते. भाकरीचे टोपले कितीही उंच टांगा, मोतीला ठावे. मैनेने परसातले आळूचे आळे दोनदा उकरले. रात्री बाहेर मांजर फिरले की दोघे गळा काढीत. शेजारी तक्रार घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, “ही शहरातली कुत्री. त्यांना हितं काम नाही, म्हणून उकिरडा करतात. देऊन टाका कोणाला तरी.” घरात तसे जवळजवळ ठरलेच होते. पुतण्याला कळवायचे कोणी, एवढाच प्रश्न उरला होता.

सासूबाईंच्या बोलण्यातला एक शब्द मात्र माझ्या मनात राहिला. काम! बैलाला काम, म्हशीला दूध, कोंबडीला अंडी. या जिवांनाच काम नव्हते. जो जीव दिवसभर रानात माग काढण्यासाठी घडला, तो ओसरीत साखळीला बांधून शहाणा कसा होणार? माझ्या मुलीने मोबाइलवर या खेळाची चित्रफीत दाखवली, आणि मी ह्यांना म्हटले, मला चार महिने द्या.

काही वडीलधाऱ्या म्हणाल्या, कुत्र्याचा एवढा लाड आपल्यात बसत नाही. त्यांना मी नम्रपणे एवढेच म्हटले की, दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारले, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले. मी तर नुसती पहाटेच्या वेळी खळ्यात धावते.

खेळाचे सामान विकत आणले नाही. दांडीसाठी तुराट्या घेतल्या. त्या हलक्या असतात, कुत्र्याचा पाय लागला तर नुसत्या पडतात, त्याला इजा होत नाही. शेडनेटचे जुने वाकवलेले पाइप कमानीसारखे रोवले, त्यावर गोणपाट दाभणाने शिवले, आणि बोगदा झाला. बांबूच्या बारा काठ्या रोवल्या. जुन्या दाराची फळी घेऊन तिला पाय घसरू नये म्हणून गोणपाट ठोकले. फळीच्या दोन्ही टोकांना पिवळा रंग दिला. स्पर्धेतही असा रंगीत भाग असतो, आणि त्यावर कुत्र्याचा पाय पडलाच पाहिजे असा नियम आहे. कारण वरूनच उडी टाकली तर पाय मोडण्याचे भय.

शिकवण्याची रीत अगदी साधी आहे. पहिली गोष्ट म्हणजे घरातल्या सर्वांनी एका कामाला एकच शब्द वापरायचा. आमच्याकडे कोणी ‘ये’ म्हणे, कोणी ‘इकडे’, कोणी ‘कम’. बिचाऱ्या जनावराने काय समजावे? आम्ही चार शब्द ठरवले: ये, उडी, आत, थांब. दुसरी गोष्ट, काम झाले त्याच क्षणी शाबासकी द्यायची. उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. उशिरा दिलेली शाबासकी कशाबद्दल मिळाली, हे त्याला कळत नाही. तिसरी गोष्ट, दांडी आधी जमिनीवर ठेवायची, मग चार बोटे उंच, मग वीतभर. सी-सॉचा धाडकन होणारा आवाज मैनेला सहन होईना. मग टोकाखाली जुनी गोधडी घातली आणि दर आठवड्याला तिची एक घडी कमी केली. चौथी गोष्ट, दहा मिनिटांहून अधिक शिकवायचे नाही. त्याला अजून खेळावेसे वाटत असतानाच थांबायचे.

मारण्याचे मी नाव काढले नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. या खेळात मार चालतच नाही. मार खाल्लेले कुत्रे दोरी असेपर्यंत जवळ राहते. दोरी सुटली की ते पळून जाते. दोरी सुटल्यावर ते काय करते, यात त्याचे खरे शिक्षण दिसते.

चौथ्या महिन्यात परसातले आळे शाबूत राहू लागले. पहाटे अर्धा तास दोघांचे नाक, डोके आणि पाय दमले की दिवसभर ती ओसरीत पडून राहत. रात्रीचे रडणे थांबले. सासूबाई एके दिवशी पायरीवर बसून पाहत होत्या. मैना फळीवरून झरझर गेली, तशा म्हणाल्या, “अव माय, हे कुत्रं हाय का माकड!” त्यानंतर कुत्री देऊन टाकण्याचा विषय घरात निघाला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याला एका श्वानप्रदर्शनात ही शर्यत होती. ह्यांनी जीप काढली आणि आम्ही गेलो. रांगेत माझ्यापुढे कॉलेजातला मुलगा होता, मागे साठीचे निवृत्त गृहस्थ. भगिनींनो, या खेळात बाईमाणूस आणि पुरुषमाणूस असे निराळे गट नसतात, बारीक-जाड असेही नसतात. गट पडतात ते कुत्र्याच्या उंचीवरून! साडीवर कापडी बूट घालून मी उभी होते. मांडणी पाठ करायला आत सोडले, तेव्हा भीती वाटली खरी. पण ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला सोळा वळणे लक्षात ठेवणे काही कठीण नाही.

आधी मोती. दोन दांड्या छान गेला. तिसरा अडथळा बोगद्याचा. तिथे त्याने नाक खाली घातले आणि तो सरळ दोरीकडे निघाला. पलीकडे कोणी डबा उघडून बसले होते. मेंढ्या राखणाऱ्या जातीची कुत्री धन्याच्या हाताकडे पाहतात, बीगल जमिनीकडे पाहतो. म्हणूनच या शर्यतीत बीगलाकडून मोठी आशा कोणी करीत नाही. लोक हसले. मला घरचाच आवाज काढायचा होता, राग नाही, काकुळत नाही. मी म्हटले, “मोती, ये.” तो थबकला. डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि परत आला. तोवर त्याची वेळ संपली होती. तो बाद झाला.

मग मैना. सोळाही अडथळे तिने पार केले. एक दांडी पडली, पाच दोष लागले. बक्षीस मिळाले नाही. पण उघडा डबा आणि माझा एक शब्द यांत बीगलाने शब्द निवडला, त्यापुढे मला बक्षिसाची उणीव वाटली नाही. आणि बेचाळीस वर्षांची बाई हजार माणसांदेखत पळाली, तर आभाळ कोसळत नाही, हेही कळले.

ज्यांना हौस आहे त्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. आपल्याकडे उन्हाळा कडक. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. म्हणून सराव पहाटेच करावा. वर्षाच्या आतल्या पिल्लाला उंच उड्या देऊ नयेत, त्याची हाडे कोवळी असतात. स्पर्धेत तर १८ महिने पूर्ण लागतात. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. आणि कोणाचेही कुत्रे चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची भरू नये.

महागाची जात आणण्याची मात्र गरज नाही. इंग्लंडातसुद्धा मिश्र जातीच्या कुत्र्यांना या खेळात घेतात. आपली गावठी कुत्री अंगाने काटक, डोक्याने तल्लख. आमच्या गल्लीतली एक पिवळी कुत्री कुंपणाबाहेरून पाहून आपणहून बोगद्यात शिरू लागली आहे.

पूर्वी जी मुले तिला दगड मारीत, ती आता रविवारी पहाटे तुराट्या रोवायला येतात. दगड मारू नका असे मी त्यांना एकदाही सांगितले नाही. आपण ‘ये’ म्हणावे आणि मुक्या जनावराने धावत यावे, हा आनंद ज्याने एकदा घेतला, त्याच्या हातात दगड राहत नाही. तेव्हा माझी मंडळाला एक विनंती आहे. दर रविवारी सकाळी तासभर आपापल्या मुलांना, आणि कुत्रे असेल तर त्यालाही, आमच्या खळ्यात पाठवावे. ज्या भगिनींचे गुडघे कुरकुरतात त्यांनी पायरीवर बसून दांड्या मोजाव्यात. सासूबाई सोबतीला आहेतच.