जन्माच्या नोंदीत एक रकाना द्या

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून आलेल्या माझ्या डॉक्टर भगिनींनो आणि बंधूंनो,

वर्षभरातल्या प्रगतीचा आढावा परिषदेच्या अध्यक्षाने घ्यावा, अशी आपली प्रथा आहे. नवजात शिशूंची काळजी, लसीकरण, कुपोषण यांवर उद्यापर्यंत निबंध वाचले जाणार आहेतच. आढावा मी त्यांच्यावर सोपवतो आणि कित्येक वर्षे मनात धरून ठेवलेले बोलतो.

जन्मजात व्यंग असलेल्या प्रत्येक बाळाची नोंद महाराष्ट्रात बंधनकारक झाली पाहिजे. बाळ सरकारी दवाखान्यात जन्मो की खासगी, जगो की न जगो.

1969 च्या कायद्यानुसार आपण जन्माची माहिती भरून देतो. त्यात आईचे लग्नाच्या वेळचे वय विचारतात, वडिलांचे शिक्षण विचारतात, प्रसूती कशी झाली, गर्भ किती आठवड्यांचा होता, बाळाचे वजन किती, हेही विचारतात. बाळाच्या पाठीचा कणा उघडा होता का, ओठ दुभंगलेला होता का, हे कोणी विचारत नाही. 2020 साली रावेर-यावलच्या केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू आला, तेव्हा बागाबागांत पंचनामे झाले आणि ते व्हायलाच हवे होते. माझे म्हणणे एवढेच, की केळीच्या खोडाला मिळते ती दखल आमच्या लेकरालाही मिळू द्या.

यावर आपल्यातले काही जण म्हणतात, ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे ना!’ आहे. 2013 साली तो आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. कितीतरी मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यामुळे झाल्या. मी स्वतः मुले पाठवली आहेत. पण अंगणवाडीत जे मूल पोहोचतच नाही, त्याचे काय?

एक बाळंतीण सांगतो. सासर सुरतेला, उधन्याला, माहेर पारोळ्याकडचे. आपल्याकडची रीतच ती, पहिले बाळंतपण माहेरी. खासगी दवाखान्यात प्रसूती झाली आणि बाळ माझ्याकडे आणले. पाठीवर लिंबाएवढी गाठ, वर पातळ पापुद्रा, त्यातून पाणी झिरपत होते. पाय हलत नव्हते. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवले, तिसऱ्या दिवशी ते गेले. मृत्यूचे कारण लिहिले गेले ‘कमी वजन’. जन्म एका गावी नोंदला, मृत्यू दुसऱ्या, घर परराज्यात. त्या गाठीची नोंद तिन्हीकडे नाही. पुढच्या खेपेला तीच मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिसरा महिना सरला होता आणि फॉलिक ॲसिडची गोळी नुकती कुठे सुरू झाली होती.

कण्याची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांत मिटते. पाळी चुकल्याचे बाईच्या ध्यानात येते न येते तोवर ते काम संपलेले असते. असे एक मूल झालेल्या आईला गर्भ राहण्याआधीपासून मोठ्या मात्रेत फॉलिक ॲसिड दिले, तर पुन्हा तसे होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1991 सालीच दाखवले. गोळी काही पैशांची आहे. ती कोणाच्या घरी वेळेत पोहोचवायची, ते आशाताईला कोण सांगणार? पहिल्या बाळाची नोंदच नाही. म्हणून सांगतो, ही मागणी आकडेमोडीची नाही. पुढचे बाळ वाचवण्याची आहे.

दुसरा वाद आपल्या प्रत्येक बैठकीत रंगतो. कोणी म्हणते कापसावरची फवारणी, कोणी म्हणते नात्यातली लग्ने, कोणी बोअरचे पाणी. एका हिवाळ्यात माझ्याकडे डोके लहान असलेली बाळे लागोपाठ आली. चोपड्याला फोन केला, शिरपूरला केला, साक्रीला केला. सगळीकडून एकच उत्तर, ‘हो, माझ्याकडेही आली होती एक-दोन.’ हे नेहमीचे की जास्तीचे? एकालाही सांगता आले नाही. नेहमीचे किती हे ठाऊक नसेल, तर जास्तीचे कसे ओळखणार? फवारणीवाले आणि पाणीवाले, दोघेही हवेत भांडताहेत.

लक्ष ठेवले की कारण सापडते. 1941 साली सिडनीत नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले, की मोतीबिंदू असलेल्या तान्ह्या बाळांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता. थॅलिडोमाइड हे औषध 1957 ते 1961 विकले गेले आणि दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली. तेव्हा जग जागे झाले. 1967 साली अटलांटात व्यंगांची नोंदणी सुरू झाली, 1979 साली युरोपात. 2024 साली पुण्यात गर्भवतींना झिका झाला. उद्या तो तापीकाठी आला, तर आपण कोणत्या आकड्याशी ताडून पाहणार?

तिसरा आक्षेप बदनामीचा. नोंद केली की घराण्याला बट्टा लागतो, म्हणे. बट्टा आजच लागतो आहे आणि तो आईला लागतो. दुभंगलेल्या ओठाचे बाळ माझ्या टेबलावर, आई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून, आणि सासू मला सांगते, ‘ग्रहनमा सुरी धरेल व्हती तिनी!’ मी शेजारच्या गावातला शस्त्रक्रिया झालेला मुलगा बोलावून घेतला आणि त्याला सासूपुढे उभा केला. तिने त्याचा ओठ बोटाने चाचपून पाहिला. त्यानंतर सुनेला एक शब्द बोलली नाही. असे घर आपल्या पंचक्रोशीत आणखी आहे, हे कळले की दोष आईच्या अंगावरून उतरतो. नावे गुप्त ठेवता येतात. कर्करोगाची नोंदणी बार्शीसारख्या ग्रामीण भागात 1987 पासून चालू आहे. तिथे जमते, ते अमळनेर-शिंदखेड्यात का जमू नये?

आणि कागद वाढतात ही तक्रार तर मुळीच ऐकून घेणार नाही. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म आपण भरतोच. तपासणीत काय दिसले तेही त्यात लिहितो. दोष दिसला, नाशिक-मुंबईला गर्भपात झाला, की तो गर्भ आपल्या हिशेबातून कायमचा जातो. जिवंत जन्म, मृत जन्म आणि व्यंगामुळे झालेले गर्भपात, तिन्ही एकत्र मोजले तरच चित्र खरे.

करायचे काय? जन्माच्या आणि मृत जन्माच्या अर्जात एक रकाना मागायचा. सुरतेला आणि बुऱ्हाणपूरला गेलेल्यांसाठी आईचा कायमचा तालुका धरायचा. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी नोंदी तपासाव्यात. एक समिती नेमू, आरोग्यमंत्र्यांना निवेदन देऊ; तपशील समिती ठरवील. पण शासनाची वाट पाहत बसू नका. आजच आपापल्या प्रसूतिगृहात वही घाला. बाळाला नखशिखांत पाहा, दिसेल ते लिहा.

कारणांवरचा वाद मला थांबवायचा नाही, तो पुढच्या परिषदेतही जरूर घाला. मात्र येताना वही घेऊन या.