जोर न लावता

पन्नाशी ओलांडल्यावर मी दाढी करायला शिकलो, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. त्याआधी तीस वर्षं करत होतो. पण वापरून फेकायच्या रेझरनं, घाईघाईत. अब्बांचा मात्र जुना सेफ्टी रेझर. सोबत ब्रश, साबणाची वाटी, तुरटीचा खडा. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरू लागले आणि हे सामान फळीवर गेलं. गालावरच्या खुंटांवरून तळवा फिरवत ते गप्प बसत.

म्हटलं, आपण करू. पण आधी स्वतःच्या गालावर शिकू. पहिल्याच दिवशी तीन ठिकाणी कापलं. अब्बा खाटेवरून पाहत होते. म्हणाले, "जोर मत लगा, बेटा. उसका वजन काफी है."

हळूहळू उमगलं. गरम पाण्यानं केस मऊ करायचे, फेस मुरू द्यायचा. मूठ सैल, पातं गालाशी साधारण तीस अंशांत, केस वाढतात त्याच दिशेनं आखूड हात. किंग कॅम्प जिलेट यांना सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं. पात्याची धार जरा झाकलेली असते, एवढीच त्यातली 'सेफ्टी'. बाकीची आपल्या हातात.

महिन्याभरानं नवं पातं घालून अब्बांसमोर बसलो. हनुवटीखालच्या सैल कातडीपाशी हात अडला. त्यांनी डोळे मिटले आणि मान वर केली. माझं बोट धरून चालवणाऱ्या माणसानं आपला गळा माझ्या हाती दिला होता.

शेवटी तुरटी फिरवली. विचारलं, "झोंबतं का?"

त्यांनी थरथरता तळवा गालावरून फिरवला आणि आरसा मागितला.