हातमोजे टिकतात ते शिलाईवर

सायकलचे हातमोजे घेताना आपण तळव्यावरची गादी दाबून पाहतो. पण मोजा किती टिकेल, हे मुख्यतः शिलाई ठरवते. हँडल धरताना अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सतत ताण येतो, म्हणून मोजा तिथे लवकर उसवतो. त्या जागी दुहेरी शिलाई आणि वरून जोडलेला मजबूत तुकडा आहे ना, हे मोजा उलटा करून पाहावं. जाड गादीशिवाय हाताला मुंग्या येतील, असं कुणी म्हणेल. गादी हवीच, पण नेमक्या जागी: करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या मुळाशी. तिथली नस दबली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. सगळ्या तळव्यावर जाड गादी असली तर पकड ढिली पडते.

स्वस्त मोजे घ्यावेत आणि फाटले की बदलावेत, हा विचारही वरवर बरोबर वाटतो. मात्र हलकं नकली चामडं घामाने आणि कोकणासारख्या दमट हवेत सोलवटतं, आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात. चांगले मोजेही निगा राखली तरच टिकतात. घाम वाळला की त्यातलं मीठ चामडं कडक करतं. म्हणून वेलक्रो बंद करून, थंड पाण्यात सौम्य साबणाने ते हाताने धुवावेत, न पिळता सावलीत वाळवावेत. नीट पारखून घेतलेली आणि जपलेली एकच जोडी शेवटी स्वस्त पडते.